गवा घ्यावा की चिमणी

आमच्या घरात कुठलीही वस्तू विकत घेण्याआधी उचलून बघतात.

कढई असो, कुलूप असो, कलिंगड असो, इस्त्री असो. जड लागली की चांगली, हलकी लागली की 'पत्रा'! हे शास्त्र माझ्या वडिलांचं. त्यांनी कोल्हापुरात उद्यमनगरात एक छोटं वर्कशॉप काढलं. फौंड्रीतून लोखंडाचा ओबडधोबड ओतीव माल यायचा, तो घासून, भोकं पाडून, गुळगुळीत करून द्यायचा, हा धंदा. जन्मभर लोखंड उचलल्यामुळे जगातल्या कुठल्याही हलक्या वस्तूवर त्यांचा विश्वास उरला नव्हता. आत्याचं स्थळ बघायला गेले, तर नवऱ्या मुलाचा हात हातात घेऊन तोलला आणि घरी येऊन सांगितलं, "हाताला वजन हाय. देऊन टाका." आत्याचा संसार उत्तम झाला. (इथंच घात झाला. तो जावई जरा जरी वाईट निघाला असता, तर पुढचं काही घडलं नसतं.)

वडिलांच्या मागे वर्कशॉप माझ्याकडे आलं आणि तो हातही आला. वस्तू हातात घेतली की काटा न बघता मी वजन सांगतो. गल्लीत कुणाला भाजीवाल्याचा संशय आला की पिशवी घेऊन आमच्या दारात हजर. मी डोळे मिटतो, पिशवी दोनदा खालीवर करतो आणि निकाल देतो. माझी बायको शोभा म्हणते, "हाताएवढं डोकं चाललं असतं तर!" पण तिचं माहेर जयसिंगपूरचं, त्यामुळे मी मनावर घेत नाही.

मात्र एक खोड माझी स्वतःची, वडिलांवर तिचं खापर फोडता येणार नाही. दोन वस्तू समोर आल्या की मला निर्णय घेता येत नाही आणि पायाला भिंगरी लागते. एका जागी बसवत नाही. स्कूटरची किल्ली खुळखुळवत दारापर्यंत जायचं, चपला घालायच्या, काढायच्या, परत आत यायचं. त्या चपला घेतानाही असंच झालेलं. अख्ख्या जगातून लोक चपला घ्यायला कोल्हापूरला येतात. मी कोल्हापुरात राहून सगळा उन्हाळा दुकानं फिरलो. शेवटी पाऊस आला आणि प्लॅस्टिकच्या घेतल्या.

अशा माणसावर पोरीनं कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय आणायची जबाबदारी टाकली. म्हणजे तिनं टाकली नाही. मीच ओढून घेतली.

केतकी आमची एकुलती एक. आर्किटेक्ट झाली. पुण्याच्या एका ऑफिसात नोकरीसाठी तिची निवड जवळजवळ झाली होती, फक्त एक काम उरलं होतं: स्वतः आखलेल्या इमारतीची फिल्म करून पाठवायची. आपण दारातून आत शिरतोय, जिना चढतोय, खिडकीतून ऊन आत येतंय, असं सगळं खऱ्यासारखं दिसायला पाहिजे. सोमवार सकाळपर्यंत. तिच्या कॉलेजच्या लॅपटॉपवर ती फिल्म करायला घेतली, तर तो जोतिबाच्या पायऱ्या चढल्यासारखा धापा टाकून बंद पडला. म्हणून ती स्वतःचा कॉम्प्युटर जुळवत होती. लहान मुलांच्या चित्रकलेच्या शिकवण्या घेऊन एकेक भाग आणायची. कपाटावर एकावर एक खोकी चढत गेली. सगळं आलं, पॉवर सप्लाय तेवढा राहिला.

"ते माझ्याकडनं," मी म्हणालो. "एवढं तरी बापाला आणू दे."

केतकीनं माझ्याकडे बघितलं. तिला चपलांचा उन्हाळा आठवला असावा.

"पप्पा, नीट ऐका. पॉवर सप्लाय म्हणजे भिंतीतली वीज घेऊन प्रत्येक भागाला लागेल तेवढीच वाटून देणारी पेटी. ती बिघडली तर आतलं सगळं जळणार."

"म्हणजे घरात तुझी आई."

"हं. तर कंपनीचं नाव नेरिस. खोक्यावर चिमणीचं चित्र असतं. दुसरं काही आणायचं नाही. मी सगळ्या चाचण्या वाचल्यात."

"व्हय की," मी म्हणालो. "चिमणी."

इतकं सोपं होतं. पण राजारामपुरीतल्या त्या दुकानात गेलो आणि चिमणीच्या शेजारी मला गवा दिसला.

कंपनीचं नाव बायसन-थंडर. काळंभोर खोकं, त्यावर सोनेरी गवा, नाकातून वाफ सोडतोय. शेजारी चिमणीचं पांढरं खोकं, दोन वाटी साखरेच्या पुड्यासारखं. दुकानदार अजितराव म्हणाले, "बगा पावणं, निवांत बगा." त्यांना मी कोण ते माहीत नव्हतं. मी दोन्ही पेट्या खोक्यांतून काढायला लावल्या. उजव्या हातात गवा, डाव्या हातात चिमणी. दुकानातली बाकीची पोरं मोबाइलवर कसलेकसले आकडे वाचून खरेदी करत होती. मी डोळे मिटून उभा होतो.

चिमणी हाताला जेमतेम लागत होती. गवा मात्र हात खाली ओढत होता! मला वडिलांची आठवण झाली.

"ह्यो कसा हाय?" मी गवा वर करून विचारलं.

"त्यो घेतलेलं गिऱ्हाईक परत येत न्हाई."

"म्हणजे खूष असतंय!"

"आता त्ये मी कसं सांगू? परत येत न्हाई."

मी दोन्ही पेट्या खाली ठेवल्या आणि बाहेर आलो. चहा प्यालो. परत आत गेलो, परत उचलल्या, परत बाहेर आलो. एकीकडे पोरीचा शब्द, दुसरीकडे हाताचा शब्द. शेवटी जयसिंगपूरला मेहुण्याला फोन लावला. संभा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. त्याचा मिरवणुकीत साउंड सिस्टीम लावायचा धंदा, म्हणजे विजेतला माणूस.

"दाजी, येड्यागत काय इचारतासा?" फोनमधून संभा ओरडला. (तो साधं 'जेवलासा काय' हेही ओरडूनच विचारतो, धंद्याचा परिणाम.) "हलका अँप्लिफायर मिरवणुकीत पयल्या चौकातच झोपतोय. जड असला की इसर्जन हुईस्तवर वाजतोय! वजन म्हंजे ट्रान्सफॉर्मर, ट्रान्सफॉर्मर म्हंजे पॉवर. विषय हार्ड!"

"पण केतकी म्हणतीया चिमणी."

"आवो, पोरगी घरं बांधत्या. तिला इजंतलं काय कळतंय?"

माझ्या हाताला साक्षीदार मिळाला. मी दुकानात शिरलो, गवा घेतला आणि मन बदलायच्या आत स्कूटरला किक मारली. (स्कूटर बटनाची आहे. पण किक मारल्याशिवाय निर्णय घेतल्यासारखं वाटत नाही.)

घरी जायचा धीर मात्र होईना. म्हणून आधी वर्कशॉपवर गेलो. तिथं बशीरभाई, माझ्या वडिलांच्या वेळचे टर्नर, ड्रिल मशीनवर हुबळीच्या प्लेटांना भोकं मारत बसले होते. या प्लेटांचं जरा सांगितलं पाहिजे. धंदा मंदीत असताना हुबळीच्या एका पार्टीची ऑर्डर देवासारखी धावून आली होती. हाताच्या पंजाएवढी लोखंडाची प्लेट, चार कोपऱ्यांना चार भोकं, बस्स. आमची बाकीची गिऱ्हाइकं केसाएवढा फरक पडला तरी माल तोंडावर फेकतात. ही पार्टी फोनवर एकच सांगायची, "वजन बरोबर पायजे री, बाकी कसं बी चालतंय."

असं सोन्यासारखं गिऱ्हाईक मी आयुष्यात बघितलं नव्हतं. बशीरभाईंना मात्र ते सहन होत नव्हतं.

"मालक, ह्या प्लेटा जात्यात तरी कुठं?" ते रोज विचारायचे. "शिलाई मशीनला म्हणावं तर भोकं बसत न्हाईत. लिफ्टला म्हणावं तर लईच बारक्या."

"जात असतील कुठंतरी. आपल्याला काय करायचंय?"

पार्टीनं आणखी एक सांगितलं होतं, प्लेटेवर कसलीही खूण नको. ते तेवढं मी ऐकलं नव्हतं. वडिलांनी घालून दिलेली रीत आहे, बिनखुणेचा माल आमच्या दारातून बाहेर पडत नाही. चुलीच्या तीन दगडांसारखी तीन टिंबं, पंच ठेवून हातोडीनं ठोकलेली. 'माल आपला हाय हे सांगायला लाज वाटत असंल, तर त्यो करू नये,' असं वडील म्हणायचे. म्हणून प्रत्येक प्लेटेच्या खालच्या अंगाला, पार्टीला दिसू नये अशा बेतानं, आम्ही तीन टिंबं ठोकत होतो.

तर मी गवा बशीरभाईंच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी हात पुसले, चष्मा लावला आणि हातोडीच्या दांड्यानं पेटीवर टकटक केलं. ओतीव मालाला आत चीर आहे का, लोखंडाचा दाणा म्हणजे पोत कसा आहे, हे त्यांना आवाजावरून कळतं. त्यांनी कान लावला. उलटं करून परत टकटक केलं.

"दाणा चांगला हाय," बशीरभाई म्हणाले. "आत काय तरी खानदानी बसलंय."

बघा! हात म्हणतोय चांगला, संभा म्हणतोय चांगला, कान म्हणतोय चांगला. आता पोरगी काय म्हणते ते ऐकायचं कारणच उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. आमच्याकडे नवीन मशीन आलं की दोन गोष्टी होतात. आधी नारळ, मग रिकामी चाल. म्हणजे मशीनला लगेच काम लावायचं नाही, नुसतंच फिरवून बघायचं. शोभानं पूजेचं ताट केलं. संभा सकाळीच जयसिंगपुराहून हजर झाला, येताना मिरवणुकीतला उरलेला झेंडूचा हार घेऊन. केतकी कॉम्प्युटरची पेटी उघडी ठेवून, सगळे भाग बसवून वाट बघत होती. मी टॉवेलात गुंडाळलेला गवा टेबलावर ठेवला आणि टॉवेल काढला.

तिनं आधी गव्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"पप्पा, मी काय सांगितलं होतं?"

"चिमणी."

"आणि हे काय आहे?"

"गवा. पण तू एकदा उचलून तर बघ!"

"मला उचलायचा नाहीये. मला चालवायचाय."

"पोरी," संभानं तोंड घातलं, "वजन म्हंजे ट्रान्सफॉर्मर..."

"मामा, तुम्ही हार सांभाळा."

शोभा मधे पडली. "आवो, पोरीनं एवढं सांगितलंतं. ऐकायला काय झालंतं? सोमवारी तिला फिल्म पाटवायची हाय."

मी किल्ली खुळखुळवायला लागलो. आयुष्यात पहिल्यांदा पोरीनं माझ्यावर काही सोपवलं होतं, आणि मी तिच्यापेक्षा माझ्या हातावर जास्त विश्वास ठेवला होता.

"हा मी माझ्या मशीनला असा जोडणार नाही," केतकी म्हणाली. "आधी रिकामा चालवायचा. तुमच्याच वर्कशॉपचा नियम."

नियम माझाच, त्यामुळे बोलायची सोय नव्हती. तिनं गवा उचलून लांब, दाराजवळच्या स्टुलावर ठेवला. मी हळदकुंकू लावलं. संभानं हार घातला. शोभानं नारळ फोडून अर्धी वाटी पुढं ठेवली आणि चटणी वाटायला स्वयंपाकघरात गेली. केतकीनं काहीतरी जोडलं, सगळ्यांना मागे सारलं आणि बटन दाबलं.

पंखा फिरला! गव्याच्या अंगातून गार वारा यायला लागला. हाराची फुलं हलायला लागली. मी छाती पुढं काढली. संभानं टाळी वाजवली आणि आमच्या कोल्हापुरात एखाद्या गोष्टीची तारीफ करायचं जे हुकमी वाक्य आहे, ते आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ठोकलं:

"बघितलासा? जाळ अन् धूर संगटच!"

आणि गव्यानं मामाचा शब्द खाली पडू दिला नाही.

आधी धूर आला. मग हाराखाली जाळ दिसला. मग असा धडाका झाला की नारळाची वाटी उडून संभाच्या पायावर पडली. घरातली सगळी वीज गेली. आतून शोभाचा आवाज आला, "आगं बाई, मिक्सर मेला!" चटणी अर्धी वाटलेली तशीच राहिली. केतकीनं प्लग ओढून काढला, संभानं लंगडत जाऊन फ्यूज बसवला. शेजारचे काका बनियनवर धावत आले आणि दारातूनच विचारते झाले, "काय वो, आजून मॅच सुरू न्हाई झाली, आन् आताच फटाकं?"

कॉम्प्युटरला काही झालं नव्हतं, कारण तो जोडलेलाच नव्हता. पण रविवार होता, दुकान बंद होतं, आणि फिल्म उद्या सकाळी जायची होती. केतकी भिंतीला टेकून खाली बसली. रडली नाही. नुसती कपाटावरच्या रिकाम्या खोक्यांकडे बघत राहिली. ते मला बघवेना. मी किल्ली उचलली.

दुकानाला कुलूप. अजितरावांचा फोन वाजून वाजून बंद. शेजारचा चहावाला म्हणाला, "त्ये आज गावायचं न्हाईत. पेठेच्या टीमची मॅच हाय, ग्राउंडवर असतील."

कोल्हापुरात फुटबॉलच्या मॅचला जायचं तर एक पथ्य असतं: शर्टाचा रंग बघून जायचं. मी धुराच्या गडबडीत दोरीवरचा हाताला येईल तो शर्ट अडकवला होता. अजितरावांच्या पेठेच्या गर्दीत शिरलो, तेव्हा लोकांच्या नजरेवरून कळलं की माझ्या अंगावर नेमका समोरच्या टीमचा रंग आहे.

"ओ पावणं, चुकलासा काय?" एकानं खांद्यावर हात ठेवला. हात जड होता. "तुमची मानसं पल्याड बसल्यात."

"मला मॅच बघायची न्हाय! मला पॉवर सप्लाय पाहिजे!"

हे ऐकून तो जरा मागं सरकला. मी शर्ट काढून पिशवीत कोंबला आणि बनियनवर वाट काढत अजितरावांपर्यंत पोचलो. ते गालाला रंग लावून, हातात झेंडा धरून कठड्यावर उभे होते.

"अजितराव, दुकान उघडा. पोरीची नोकरी जातीया. गवा फुटला!"

"फुटला न्हवं?" त्यांनी नजर मैदानावरून हलवली नाही. "मी म्हणालतो, गिऱ्हाईक परत येत न्हाई. तुमी पयलंच आलासा."

"चला की!"

"गोल हुईस्तवर जागा सोडायची न्हाई. गेल्या बारीला पाणी प्यायला उठलो, आन् आमच्यावर गोल बसला."

झालं! म्हणजे आता पोरीची नोकरी यांच्या गोलवर. मी आयुष्यात फुटबॉलला पाय लावलेला नाही. पण त्या दिवशी बनियनवर उभा राहून मी असा काही ओरडलो की संभाची साउंड सिस्टीम लाजली असती. "मार! मार की मर्दा! आरं घाल आत!" आणि कुणाच्या पुण्याईनं कोण जाणे, चेंडू खरंच जाळीत गेला! गर्दी उसळली. झेंडे फिरले. मी अजितरावांचा दंड धरला आणि ओढायला लागलो, तर मगाशी खांद्यावर हात ठेवणाऱ्यानं माझी बनियन धरली.

"पावण्याला सोडू नका! ह्यो आला आन् गोल झाला. ह्येला हितंच धरून ठेवा!"

हाफटाइम होईपर्यंत मला चौघांनी धरून ठेवलं. शेंगदाणे खायला घातले, पाणी पाजलं, पण हलू दिलं नाही. शेवटी अजितरावांनी शब्द दिला की पावण्याला परत आणून सोडतो, तेव्हा सुटका झाली. (आणून सोडला नाही. त्यांची पेठ त्या दिवशी हरली. राजारामपुरीकडे गेलो की अजून मी गल्लीबोळातून जातो.)

चिमणी घेऊन मी बनियनवर घरी आलो. शर्टाची पिशवी मैदानावरच राहिली. केतकीनं खोकं घेतलं, "सरका" एवढंच म्हणाली. आधी रिकामा चालवून बघितला. कसला आवाज नाही, वास नाही. मग मशीनला जोडला. पडदा उजळला. ती खुर्ची ओढून कामाला बसली आणि मी दारापासून खिडकीपर्यंत फेऱ्या घालायला लागलो. शेवटी शोभानं माझी किल्ली काढून घेतली आणि पोळपाटाखाली लपवली.

सोमवारी सकाळी फिल्म गेली. जायच्या आधी तिनं शोभाला दाखवली, मी मागून बघितली. एक वर्कशॉप होतं. छताला मोठी काचेची झडप, तिच्यातून ऊन सरळ लेथवर पडलेलं. ड्रिल मशीनपाशी एक बसायची जागा, शेजारी खिडकी, खिडकीत चहाचा कप. आमचंच वर्कशॉप होतं ते, फक्त उजेडातलं. शाबासकी द्यायला माझा हात वर गेला. पण केतकी अजून माझ्याशी बोलत नव्हती, त्यामुळे तो परत खिशात घातला.

दुपारी ती स्वतःच वर्कशॉपवर आली. हातात मेलेला गवा.

"पप्पा, मला एक कळत नाही," ती म्हणाली. "यात चांगलं काही नव्हतं, तर हा एवढा जड कसा?"

ती बोलली, यातच मला सगळं मिळालं. मी धावत पेचकस आणला. बशीरभाई ड्रिल बंद करून आले. केतकीनं स्क्रू काढले, काळवंडलेलं झाकण उचललं. आत दोन बोटांएवढं सर्किट, पार जळून कोळसा झालेलं, चार पिचक्या तारा, आणि तळाला, चार कोपऱ्यांत चार स्क्रूंनी पक्की बसवलेली, हाताच्या पंजाएवढी लोखंडाची प्लेट.

केतकीनं ते चार स्क्रूही काढले आणि प्लेट उलटी केली.

तीन टिंबं.

"मालक," चष्मा लावून टिंबं निरखत बशीरभाई म्हणाले, "मी म्हणालतो की न्हाई, दाणा चांगला हाय?"

केतकीचा चेहरा आधी तांबडा झाला. मग तिच्या तोंडून असा काही आवाज फुटला की मला वाटलं पोरगी आता रडते. ती हसत होती! हसता हसता लेथच्या फळीवर बसली, डोळे पुसले, प्लेटेकडे बघितलं आणि परत हसायला लागली. "पप्पा," ती कशीबशी म्हणाली, "सगळं जळलं, पण आपला माल बघा! ओरखडासुद्धा नाही!"

(नोकरी लागली. जाताना ती प्लेट पुण्याला घेऊन गेली. वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून खोलीच्या दाराला लावते.)

तर ती अशी हसत होती, तेवढ्यात माझा फोन वाजला. हुबळीची पार्टी.

"नमस्कार री, मालक! पुढच्या मालाला वजन थोडं वाढवा. तुमच्या कोल्हापूरकडची मानसं लई हुशार री, उचलून बघितल्याशिवाय घेतच न्हाईत!"

मी माझ्या उजव्या हाताकडे बघितलं. आजवर एवढं कौतुक त्याचं कुणी केलं नव्हतं.

"आमच्याकडनं आता एक प्लेट मिळायची न्हाय," मी सांगितलं आणि फोन ठेवला. ऑर्डर गेली. बशीरभाईंनी मात्र सुटकेचा श्वास टाकला.

"बरं झालं की वो," ते प्लेटेवरून अंगठा फिरवत म्हणाले. "एवढं दीस इचारत हुतो, ह्या प्लेटा जात्यात तरी कुठं. शेवटी कळलं एकदाचं."

"व्हय," मी म्हणालो. "माझ्या घरी."